तीनदा दिलं, घेतलं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आधी एक दुरुस्ती. अठ्ठावीस जानेवारीच्या पानावर मी लिहिलं आहे की मला शाळेत घालता यावं म्हणून आईने प्रॉम्प्टरचं काम सोडलं. हे चूक आहे. आज दौऱ्यांची जुनी वही आणि माझा शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आईचा शेवटचा प्रयोग फेब्रुवारीतला. माझं नाव शाळेत घातलं जूनमध्ये. म्हणजे काम आधी सुटलं, शाळा नंतर आली.

चार महिन्यांचा फरक कुणाला मोठा वाटणार नाही. पण पंधरा वर्षं मी मनाशी धरून बसले होते की माझ्यामुळे आईचं काम गेलं. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच जुळवलं आणि मीच खरं मानलं.

"मग का सोडलंस?" असं आज आईला विचारलं. ती मिठाचं पाणी कोमट करत होती.

"आवाज बसला होता. विंगेतून पोचेना," म्हणाली आणि बेसिनपाशी गुळण्या करायला गेली. सकाळ-संध्याकाळ करते. दौरे थांबले तेव्हापासून.

हे उकरून काढायचं कारण म्हणजे मावशी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण; आम्ही तिघी एकत्र राहतो. सत्तावीस वर्षं रंगमंचावर उभी राहिली, आता नाटकं बसवते. नाट्यमंडळाच्या स्मरणिकेसाठी तिच्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि तारखा तपासायला गेले की दर तारखेखालून दुसरी निघते. मावशी मला 'शुद्धिपत्र' म्हणते. प्रेमाने म्हणते असं मी धरून चालते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन पानांपैकी एक झालं. नीट उतरवून ठेवते.

सोळाव्या वर्षी मैत्रिणीला सोबत म्हणून तालमीला गेली. मैत्रीण लाजली, ही उभी राहिली. आई तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून रोज जायची. रिकामी कशाला बसतेस म्हणून कुणीतरी तिच्या हातात संहिता दिली आणि ती प्रॉम्प्टर झाली. थोरलीने विंगेत बसून वाक्य द्यायचं, धाकटीने उजेडात म्हणायचं, असं पंचवीस वर्षं चाललं.

मी नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांच्याबरोबर दौऱ्यावरच असायचे. माझी शाळा म्हणजे विंगेतली एक पत्र्याची पेटी. आईने अक्षरं शिकवली ती संहितेतून, म्हणून मला 'कमळ'च्या आधी 'पडदा' लिहिता आला. मावशीने पाढे घेतले ते रंग लावता लावता. मी मागे उभी राहून म्हणायची आणि ती आरशातून माझ्या तोंडाकडे बघत असायची. एक चूक सुटायची नाही.

नाव झालं ते एका नाटकाने. घर विकायला काढलेली बाई. शेवटच्या प्रवेशात गिऱ्हाईक विचारतं, "रिकामं कधी करून देता?" बाई उत्तर देत नाही. नुसती बसून राहते. मग ती उठते, दार उघडून निघून जाते आणि पडदा पडतो. त्या गप्प बसण्याला चाळीस सेकंद लागायचे. एका समीक्षकाने लिहिलं होतं, 'त्या चाळीस सेकंदांत अख्खा संसार मावला.' कात्रण आईने जपून ठेवलं आहे, मावशीने नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी मावशीने अभिनय सोडला. कारण विचारलं तर सांगते, "चाळिशीनंतर बाईला दोनच भूमिका, आई नाहीतर भूत." पुढे दिग्दर्शन. पहिली तीन नाटकं पडली, चौथं चाललं. तिच्या नाटकांची खूण सगळे ओळखतात: कुणी पाठ फिरवून बोलत नाही. "प्रेक्षकाने तोंडाचं तिकीट काढलंय, पाठीचं नाही," असं ती पहिल्याच दिवशी नटांना ऐकवते.

आता ती छप्पन्न वर्षांची आहे आणि मंडळाने तेच नाटक पुन्हा बसवायला तिला दिलं आहे. पंधरा मार्चला पहिला प्रयोग. मी तिची सहायक. तालमीची वही माझ्याकडे.

८ फेब्रुवारी, शनिवार

घर विकणाऱ्या बाईचं काम जी मुलगी करते तिला मावशीने पहिल्याच आठवड्यात 'प्रश्नपत्रिका' नाव ठेवलं. आता सगळेच म्हणतात. ती रागावत नाही, पुढचा प्रश्न विचारते.

"बाई, तो विचारतो रिकामं कधी करून देता, आणि मी गप्प. तेव्हा माझ्या मनात काय चाललेलं असतं?"

"चाळीस मोज," मावशी म्हणाली.

"मोजते. पण मनात काय?"

"मनात एक, दोन, तीन."

गिऱ्हाइकाचं काम करणारे काका खोकल्याचं निमित्त करून हसले. प्रश्नपत्रिकेने चाळीस मोजले. चाळीस आकडे स्पष्ट दिसले तिच्या चेहऱ्यावर, अठ्ठावीसपाशी अडखळली तेसुद्धा. मग ती दाराकडे वळली आणि जाता जाता म्हणाली, "तुम्ही काय विचार करत होतात हो, बाई?"

मावशीने संहितेचं पान उलटलं. उत्तर दिलं नाही.

मी वहीत लिहिलं: 'दाराकडे जाताना प्रश्न विचारला. दिग्दर्शिकेने उत्तर दिलं नाही.' कोण कुठे उभं होतं, काय विचारलं, काय ठरलं, सगळं लिहायची पद्धत मावशीनेच मला लावली. "नोंद करताना कीव करायची नाही," हे तिचंच वाक्य. उत्तर दिलं नाही अशी ही आठवी नोंद.

परतताना जिन्यात मी मागून तिला दोनदा म्हटलं की मी त्या मुलीला थोडं समजावू का. ती बोललीच नाही. घरी येईपर्यंत मी कासावीस. वहीतल्या नोंदी तिने वाचल्या असतील का? शेवटी स्वयंपाकघरात तिच्यासमोर जाऊन म्हटलं, "मावशी, माफ कर."

"कशाबद्दल?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "आणि जरा तोंड उघडून बोलत जा. ओठात काय मोती ठेवलेत?"

म्हणजे राग आहेच. नुसता माझ्या बोलण्याचा आहे की आणखी कशाचा, ते कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

विशेष काही नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली की तुमचा रेडिओ फार मोठा असतो. "बातम्याच मोठ्या आहेत हल्ली," मावशी म्हणाली. काकू हसल्या आणि गेल्या. आवाज मी कमी केला, तिने पुन्हा वाढवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईची जुनी प्रॉम्प्टची प्रत सापडली. त्या नाटकाची. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली आहे: कुठे श्वास, कुठे थांबायचं, कुठे मावशी हमखास शब्द गाळते.

शेवटच्या प्रवेशात गिऱ्हाइकाच्या प्रश्नाखाली बाईचं उत्तर छापलेलं आहे.

'वरच्या खोलीतला पलंग खाली उतरवायला माणसं मिळाली की लगेच.'

हे वाक्य कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. समासात आईच्या अक्षरात एक तारीख आणि पुढे: 'तीनदा दिलं. घेतलं नाही.' त्यानंतरच्या प्रयोगाला वाक्यावर काट मारलेली आहे आणि शेजारी '४०' लिहिलं आहे.

मी प्रत घेऊन आईपुढे बसले. तिने पानावरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी गिऱ्हाइकाचं काम करणारा आजारी पडला. बदली नट आला. त्याला बिचाऱ्याला जागा कुठे माहीत? त्याने प्रश्न विचारला तो खिडकीकडे तोंड करून. आता हिने उत्तर द्यायचं. ही बसलेली. मी दिलं. तरी बसलेली. दुसऱ्यांदा जरा चढवून दिलं. तिसऱ्यांदा तर पहिल्या रांगेतल्या माणसाने वळून विंगेकडे बघितलं."

"आणि मावशी?"

"बसून. मग तो नट घाबरून वळला. हिने त्याचं तोंड बघितलं आणि उठून चालायला लागली. आणि टाळ्या. अगं, थांबेनात."

"मग तू तिला काही म्हणाली नाहीस?"

"मी काय म्हणणार? तीच म्हणाली, रंगाच्या खोलीत. ताई, तुझा आवाज पोचला नाही गं. मग नाहीच पोचला." आईने प्रत मिटली. "वेळेआधी वाक्य दिलं तर नटाचा अपमान, उशिरा दिलं तर अपघात. आणि दिलेलं पोचलंच नाही तर प्रॉम्प्टर हवाच कशाला? महिन्याभरात सोडलं."

आईबद्दल फार वाईट वाटलं. तिची एवढी मोठी चूक आणि त्यावर मावशीचं एवढं मोठं नाव. एक गोष्ट मात्र जुळत नाही. आवाज पहिल्या रांगेत पोचला तर चार हातांवरच्या मावशीपर्यंत कसा नाही? विंगेतून आवाज सरळ पुढे जात असेल, बाजूला फुटत नसेल. ध्वनिशास्त्रातलं मला काही कळत नाही.

स्मरणिकेत हे लिहायचं का? ते चाळीस सेकंद म्हणजे विसरलेलं वाक्य. लिहिलं तर मावशीचं नाव जातं, नाही लिहिलं तर मी खोटं लिहिते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज तालीम संपल्यावर मंडळाच्या चिटणीसांनी मला थांबवलं. मावशी पुढे निघून गेली होती.

"बस. चहा घे. असं बघ, कुरबुरी फार वाढल्यात. बाई कुणाचं ऐकून घेत नाहीत म्हणे."

काका तिथेच होते. ते मावशीबरोबर वीस वर्षं काम करत आले आहेत. "ऐकून घेतात हो. या कानाने घेतात आणि त्या कानाने सोडतात," म्हणाले. "परवा मी तीनदा विचारलं, टोपी काढू की नको. शेवटी टोपीच म्हणाली, राहू दे रे."

चिटणीस हसले नाहीत. प्रश्नपत्रिकेने त्यांना सांगितलं आहे की असंच चालणार असेल तर ती नाटक सोडेल. त्यांच्या डोक्यात दुसरा दिग्दर्शक आहे. पंचवीस तारखेला, मंगळवारी, संध्याकाळी पाचला कार्यकारिणीची बैठक. तिथे मी तालमीची वही घेऊन यायचं.

"तू भाची असून वहीत तिला सोडत नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "तुझी वही सांगेल ते आम्ही मानू."

क्षणभर मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. जिन्यात थांबून वही उघडली आणि मोजलं. दहा नोंदी झाल्या आहेत. माझ्या हातच्या, तारीखवार, स्वच्छ अक्षरात. माझ्याच वहीने मावशीचं नाटक जाणार.

तिला बैठकीचं सांगितलं. "काढू देत," म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. कांदा नव्हता, तरी डोळे पुसले. घाम असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

क्रमाने लिहिते.

दुपारी चारची तालीम. तालमीच्या खोलीला खिडक्या आहेत, पण रंगमंचासारखा अंधार पडावा म्हणून त्यांच्यावर काळे पडदे ठोकलेले. तिसरा प्रवेश चालला होता. मी नेहमीसारखी मावशीच्या डाव्या हाताला. उजव्या बाजूला ती मला कधीच बसू देत नाही. एकदम दिवे गेले. हात डोळ्यांपुढे धरला तर दिसेना.

काका अंधारातून म्हणाले, "बाई, थांबायचं?"

उत्तर नाही.

"बाई, थांबू की चालू ठेवू?"

उत्तर नाही. मग प्रश्नपत्रिका जवळजवळ ओरडली, "बाई, आहात ना?"

माझ्या मनगटावर एक हात आला, चाचपडत. मावशीचा. तळवा ओला. मग तिने तिच्या त्या भारदस्त आवाजात हुकूम दिला, "पुढे!" तोही काका पुन्हा काही विचारत असताना, त्यांचं वाक्य मध्येच तोडून. सगळे हसले. त्यांना विनोद वाटला.

मी तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मावशी, काका विचारताहेत, थांबायचं का." ती गप्प. माझं मनगट मात्र घट्ट धरलेलं.

तेवढ्यात कुणीतरी मोबाइलचा उजेड आमच्याकडे वळवला. माझ्या तोंडावर उजेड पडला. मावशी माझ्या ओठांकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, ओठांकडे. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण आवाज न काढता. नुसते ओठ हलवले.

"थांबू या," मावशी म्हणाली. "दिवे येईपर्यंत चहा घ्या सगळ्यांनी."

ही मी तिची परीक्षा घेतली. तिला न विचारता, चारचौघांत. तिला कळलं की नाही ते माहीत नाही. मनगट तिने सोडलं.

घरी येऊन वही काढली. नोंदी वाचल्या. 'दाराकडे जाताना विचारलं.' 'खुर्च्या हलवत असताना विचारलं.' 'पडद्यामागून विचारलं.' 'पंखा चालू होता, दोनदा विचारलं.' कोण कुठे उभं होतं ते प्रत्येक वेळी मी लिहून ठेवलं आहे. दहापैकी नऊ वेळा विचारणाऱ्याचं तोंड तिला दिसत नव्हतं. आजची धरून अकरापैकी दहा. सगळं माझ्याच अक्षरात आहे आणि मला वाचता आलं नाही.

आरशातून पाढे घेणारी मावशी. डावी बाजू. ओठातले मोती. आणि आईचं तीनदा दिलेलं वाक्य.

आईला अजून काही सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज सकाळी जेवणाच्या टेबलाशी मावशीच्या समोर बसले, उजेडाकडे तोंड करून.

"मावशी, तुला ऐकू येत नाही ना?"

तिने पेपर खाली ठेवला. "डाव्याने थोडं येतं. उजवा गेलेला आहे. परवाच कळलं मला, तुला कळलंय ते. आवाज काढायला विसरलीस."

"कधीपासून?"

ती माझ्या मागे बघायला लागली. आई पेला घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

"त्या प्रयोगाच्या आधी वर्षभर," मावशी म्हणाली. माझ्याकडे नाही, आईकडे बघून.

मग आईने पेला टेबलावर ठेवला.

"पंधरा वर्षं," आई म्हणाली. "पंधरा वर्षं मी मिठाचं पाणी पितेय."

"पीत नाहीस ताई, गुळण्या करतेस." तोंडातून निघून गेलं मावशीच्या. सवयीने.

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. आई हसली. फार विचित्र हसली. आणि मग जी चढली, तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचला असेल. ज्या आवाजाला ती गेलेला म्हणते तो.

"मला नाही सांगितलंस? मी कोण, तिकीट काढून आलेली? विंगेत पंचवीस वर्षं तुझ्या श्वासाला श्वास लावून बसले! डोळे मिटून सांगत होते, कुठे अडखळणार ते. माझा आवाज पोचला नाही म्हणालीस आणि मी मान डोलावली, कारण धाकटी खोटं बोलणार नाही!"

"तुला सांगितलं असतं तर तू मला उभी राहू दिली नसतीस."

"नसतीच दिली!"

"मग?" मावशी म्हणाली. "तेच तर."

आईने पेल्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि गच्चीवर गेली. पायऱ्यांवर तिची चप्पल वाजत राहिली. मावशीला ती ऐकू येत नव्हती, तरी ती दाराकडे बघत राहिली.

मग मी वहीचं काढलं. म्हटलं, बैठकीत सांगू या. ऐकू येत नाही म्हटल्यावर कुणी उर्मट म्हणणार नाही. अकराच्या अकरा तक्रारी संपतील.

"शहाणीच आहेस. उर्मट बाईला लोक शिव्या देतात आणि काम देतात. बहिरीसाठी टाळ्या वाजवतात आणि तिला घरी बसवतात."

"पण उर्मट म्हणूनही काढणारच आहेत."

"उर्मट म्हणून काढलं तर पुढच्या वर्षी कुणीतरी बोलावेल." तिने वहीकडे पाहिलं. "ती पानं फाडता येतील का?"

"पानांवर क्रमांक आहेत, मावशी."

"कुणी सांगितलं होतं क्रमांक घालायला?"

"तूच."

"गाढव मी," ती म्हणाली.

शेवटी मी विचारलं, "मग मी सांगू का मंगळवारी?"

"मला विचारू नकोस. विचारलंस तर नाही म्हणेन." आणि पेपर उचलून तोंडापुढे धरला. पेपर धरला की तिच्याशी कुणालाच बोलता येत नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. जेवायला वाढतात मात्र एकमेकींना, आणि एकीला काय लागतं ते दुसरीला न सांगता कळतं. आईने आज गुळण्या केल्या नाहीत.

मी आईला विचारलं, काय करू. "आम्ही दोघींनी काय केलं ते बघितलंस ना? मग तुझं तू ठरव," म्हणाली. लहानपणापासून या दोघींनी ठरवायचं आणि मी नीट अक्षरात उतरवायचं, असं चाललं आहे. मला ठरवायची सवय नाही.

रात्री स्मरणिकेचं पान पुन्हा लिहायला घेतलं. पहिल्या वाक्याच्या पुढे गेले नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज तालमीत जे झालं ते वहीत लिहिलं आहेच, इथेही लिहिते.

शेवटचा प्रवेश. काकांनी विचारलं, "रिकामं कधी करून देता?" प्रश्नपत्रिका बसली, मोजायला लागली. पंचविसाव्या आकड्यावर थांबली आणि सरळ खाली उतरून मावशीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"बाई, शेवटचं विचारते, मग परत कधी विचारणार नाही. मनात काय असतं?"

मी पेन उचललं. बारावी नोंद, असं मनात आलं.

मावशीने चष्मा काढला. "काही नसतं," म्हणाली. "मी विचार करत नव्हते. समोरच्याने विचारलंय की अजून विचारायचंय, एवढंच मी बघत होते. त्याची पाठ माझ्याकडे होती. काहीतरी बोलला असावा. मला वाटलं, नसेलही. चुकीच्या वेळी बोलले तर सगळं मोडेल. म्हणून वाट बघत बसले. दुसरं काही नाही."

प्रश्नपत्रिका तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे भीती?"

"भीती. आणि चेहऱ्यावर ती दिसू द्यायची नाही."

"काका," प्रश्नपत्रिका म्हणाली, "तुम्ही खिडकीकडे तोंड करून विचारा बरं."

काकांनी मावशीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने बसवलेल्या नाटकात कुणी पाठ फिरवून बोलणार होतं. मावशीने मान हलवली.

काकांनी विचारलं. मुलगी बसून राहिली. तिने मोजलं नाही. त्या पाठीकडे बघत, कान आणि डोळे आणि सगळं अंग त्या पाठीला लावून ती वाट बघत राहिली आणि आपलं घर आता आपल्याला न विचारता जाणार आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. काका शेवटी वळले तेव्हा त्यांनाच पुढचं सुचेना. ती उठली, दारातून गेली. घड्याळाकडे बघायचं मी विसरले. वहीत वेळेची जागा कोरी आहे.

मग काका म्हणाले, "टोपी काढूनच ठेवतो, बाई. इथे टोपी घालून उभं राहवत नाही." मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. हसली.

तालमीहून परत येताना मी सबंध रस्ता विचार केला. हे नाटक तिच्याच हातून उभं राहिलं पाहिजे. दुसरा कुणी आला तर चाळीस मोजायला सांगेल, किंवा ते वाक्य परत घालेल. आजचं ते पुन्हा होणार नाही. प्रश्नपत्रिका आता सोडून जाणार नाही, पण कार्यकारिणी तिचं मन बघणार नाही, वही बघणार आहे. आणि वहीत अकरा नोंदी अशा आहेत ज्यांतला शब्द न् शब्द बरोबर आहे आणि ज्या मिळून खोट्या आहेत.

खाडाखोड मी करणार नाही. त्यांतल्या दहा नोंदींशेजारी लिहीन की विचारणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं म्हणून दिग्दर्शिकेपर्यंत प्रश्न पोचला नाही. खाली सही माझी. बैठकीत कारण विचारतील, तेव्हा कारण सांगेन. त्यांनी तिला घरी बसवायचं ठरवलं तर त्यांना आजच्यासारखी तालीम बघायला बोलवीन, आणि तरीही बसवलं तर ते माझ्यामुळे झालं, हे मी मान्य करीन. यातून सुटका नाही, मी शोधून बघितली.

राहिलं मावशीला सांगणं. तिला अंधारात ठेवून मी हे करणार नाही. सोमवारी तालीम आहे, तिथे लोकांत नको. मंगळवारी बैठकीला निघताना सांगितलं तर तिला काहीच करता येणार नाही, आणि मला तेच सोपं वाटलं होतं, म्हणूनच ते नको. उद्या सांगितलं तर तिच्या हातात दोन दिवस राहतील. त्या दोन दिवसांत ती माझ्यावर ओरडेल, वही लपवेल, किंवा चिटणीसांकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगेल. तिने तिच्या तोंडाने सांगितलं तर मी फक्त वही ठेवीन आणि गप्प बसेन.

परवानगी मागायची नाही. विचारू नकोस, असं तिने सांगितलंच आहे. विचारणार नाही, सांगणार आहे. आई घरात असेल अशी वेळ हवी, कारण आईनेही हे दुसऱ्याकडून ऐकू नये.

रविवार, तेवीस फेब्रुवारी, सकाळी दहा.